चंद्रावरचे कोरडे समुद्र आणि आपला काळा दगड



पौर्णिमेच्या रात्री अंगणात किंवा गच्चीवर पडल्या पडल्या तुम्ही चंद्राकडे अनेकदा पाहिले असेल. त्याच्यावरचा ससा तुम्हाला आजीने दाखवला असेल. कोणाच्या आजीने हरीण दाखवले असेल. आपल्या पूर्वजांना दोन्ही दिसले होते. म्हणून तर चंद्राला शशांक असे एक नाव आहे आणि मृगांक असे दुसरे. हा ससा काय किंवा हरीण काय, चंद्राच्या उजळ तबकडीवरचे ते काळसर डाग आहेत. हे डाग कशाचे, त्यांना नावे कोणी दिली आणि ती लॅटिन भाषेत का, हे आपण या लेखात पाहू. त्यासाठी फार लांब जायला नको. नांदेड-लातूरकडच्या वाचकांनी तर आपल्या घराच्या पायरीकडे पाहिले तरी निम्मे उत्तर मिळेल.

सावल्या की पाणी?

मी शाळेत होतो तेव्हा, चंद्रावरचे डाग म्हणजे तिथल्या उंच डोंगरांच्या सावल्या, असे मला कोणीतरी सांगितले होते आणि पुष्कळ वर्षे मी ते खरे मानून चाललो. ही समजूत चुकीची आहे हे ओळखायला दुर्बीणसुद्धा लागत नाही. थोडा विचार करा. सावल्या लांब केव्हा पडतात? सकाळी आणि संध्याकाळी, म्हणजे प्रकाश तिरपा येत असताना. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि चंद्र आपल्या समोर. ज्या बाजूने आपण चंद्राकडे पाहतो त्याच बाजूने सूर्यप्रकाशही त्याच्यावर पडतो. त्यामुळे प्रत्येक डोंगराची सावली त्या डोंगराच्याच आड लपते व आपल्याला दिसत नाही. डाग सावल्यांचे असते तर पौर्णिमेला ते नाहीसे व्हायला हवे होते. प्रत्यक्षात पौर्णिमेला ते सर्वांत ठळक दिसतात. म्हणजे तिथली जमीनच काळी आहे.

मग ते पाणी असेल का? हा प्रश्न मात्र मोठमोठ्या विद्वानांना पडला होता. गॅलिलिओने १६०९ साली आपली दुर्बीण चंद्राकडे वळवली आणि पुढच्याच वर्षी आपली निरीक्षणे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. चंद्रावर डोंगर आहेत, दऱ्या आहेत, खड्डे आहेत हे त्याने दाखवून दिले. काळे भाग गुळगुळीत आणि सपाट दिसत होते. चंद्राला दुसरी पृथ्वी मानायचे झाले तर उजळ भाग जमिनीचा आणि काळसर भाग पाण्याचा मानता येईल, असे त्याने सावधपणे लिहिले. त्यानंतर आलेल्या नकाशाकारांनी या काळ्या भागांना सरळ समुद्र म्हणायला सुरुवात केली.

चंद्राचे नकाशे त्या काळी अनेकांनी काढले. प्रत्येकाने आपापल्या आवडीची नावे दिली. कोणी राजेरजवाड्यांची दिली, कोणी पृथ्वीवरच्या डोंगरांची. पण आज आपण वापरतो ती बहुतेक नावे इटलीतील बोलोन्या येथे राहणाऱ्या रिचोली या धर्मगुरू-ज्योतिर्विदाची आहेत. त्याचा मोठा ग्रंथ १६५१ साली प्रसिद्ध झाला. त्यातील चंद्राचा नकाशा त्याचा सहकारी ग्रिमाल्डी याने तयार केला होता. विवरांना रिचोलीने शास्त्रज्ञांची व तत्त्वज्ञांची नावे दिली, आणि काळ्या भागांना हवामानाची!

हवामानाची का? चंद्राच्या कलांवर पृथ्वीवरचे पाऊसपाणी अवलंबून असते अशी तेव्हा युरोपात समजूत होती. आपल्याकडेही अशा समजुती काही कमी नाहीत. रिचोलीने चंद्राचे दोन भाग कल्पिले. शुक्लपक्षात जो अर्धा भाग आधी उजळतो त्या बाजूला साधारणपणे चांगल्या हवामानाची नावे गेली: शांतता, निरभ्रता, सुपीकता, मकरंद. उरलेल्या बाजूला पाऊस, ढग, ओलावा आणि वादळे आली. समजूत चुकीची ठरली, पण नावे टिकली. १९३५ साली आंतरराष्ट्रीय ज्योतिर्विज्ञान संघाने चंद्रावरील नावांची अधिकृत यादी काढली, तेव्हा रिचोलीची नावे त्यात कायम राहिली.

लॅटिन षष्ठी

आता या नावांकडे जरा व्याकरणाच्या नजरेने पाहू. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतले आहे त्यांना हा भाग विशेष सोपा जाईल.

लॅटिनमध्ये समुद्राला 'मारे' म्हणतात. अनेकवचन 'मारिया'. (इंग्रजीत याच अक्षरांचा एक शब्द आहे, पण त्याचा अर्थ घोडी! तेव्हा नकाशातील शब्द इंग्रजी पद्धतीने उच्चारू नका.) 'मारे'पुढे जो शब्द येतो तो बहुधा षष्ठी विभक्तीत असतो. मराठीत आपण 'पाऊसचा' म्हणत नाही, 'पावसाचा' म्हणतो. प्रत्यय लागताना शब्दाचे रूप बदलते. लॅटिनमध्येही तसेच. 'ट्रँक्विलिटास' म्हणजे शांतता. तिची षष्ठी 'ट्रँक्विलिटाटिस', म्हणजे शांततेचा. 'इंबेर' म्हणजे पावसाची सर. तिचे षष्ठीचे अनेकवचन 'इंब्रियम', म्हणजे सरींचा. संस्कृतात सांगायचे तर पहिले 'शान्तेः' आणि दुसरे 'वृष्टीनाम्'. वादळाला 'प्रोसेला' म्हणतात, त्यावरून 'प्रोसेलारम', वादळांचा.

एवढी गुरुकिल्ली हातात आली की नकाशा वाचता येतो. मारे सेरेनिटाटिस हा निरभ्रतेचा समुद्र, मारे फेकुंडिटाटिस सुपीकतेचा, मारे नेक्टारिस मकरंदाचा, मारे नुबियम ढगांचा, मारे ह्युमोरम ओलाव्याचा, मारे व्हेपोरम वाफांचा, मारे फ्रिगोरिस थंडीचा. मारे क्रायसियम हा संकटांचा समुद्र. सर्वांत विस्तीर्ण भागाला समुद्र हे नाव पुरेना म्हणून त्याला महासागर केले: ओशनस प्रोसेलारम, वादळांचा महासागर. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सबंध भारताहून मोठे. याखेरीज 'सायनस' म्हणजे उपसागर, 'लाकुस' म्हणजे सरोवर आणि 'पालुस' म्हणजे दलदल. इंद्रधनुष्याचा उपसागर (सायनस इरिडम) आणि स्वप्नांचे सरोवर (लाकुस सोम्नियोरम) ही नावे मला फार आवडतात. कुजण्याची दलदल असेही एक नाव रिचोलीने देऊन ठेवले आहे. ते त्याला कसे सुचले असेल कोण जाणे.

सगळी नावे मात्र जुनी नाहीत. १९६४ साली अमेरिकेचे रेंजर ७ हे यान चंद्रावर आदळले आणि आदळण्यापूर्वी त्याने जवळून छायाचित्रे पाठवली. तो भाग आता माहितीचा झाला म्हणून त्याला मारे कॉग्निटम, म्हणजे 'ज्ञात समुद्र', असे नाव पडले. आणि निरभ्रतेच्या समुद्रात एका लहानशा विवराला १९७३ साली साराभाई हे नाव मिळाले. आपल्या अवकाश-संशोधनाचा पाया घालणाऱ्या विक्रम साराभाईंचे ते स्मारक आहे.

समुद्रात उतरल्यावर

२० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चे यान शांततेच्या समुद्रात उतरले. भारतात तेव्हा तारीख बदललेली होती, रात्रीचे पावणेदोन वाजले होते. आर्मस्ट्राँग व ऑल्ड्रिन यांच्या बुटांना पाणी लागले नाही, हे सांगायला नकोच. दुर्बिणीतून पाहणाऱ्यांना हे कधीच कळून चुकले होते. चंद्रावर पाणी साठवून धरील असे वातावरणच नाही, शिवाय समुद्रात बारीक बारीक विवरे दिसत होती. पाण्यात खड्डा कसा दिसेल?

परत येताना त्यांनी साडेएकवीस किलो दगड-माती आणली. ती प्रयोगशाळेत फोडून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा शांततेच्या समुद्रातला तो काळा दगड ओळखीचा निघाला. तो बेसाल्ट होता.

बेसाल्ट म्हणजे कोणता दगड? नांदेड किंवा लातूरमधल्या वाचकाने हा प्रश्न विचारू नये. तुमच्या घराच्या जोत्याचा दगड, रस्त्यावर पसरायची गिट्टी, जुना पाटा-वरवंटा, विहिरीच्या तळाशी सुरुंग लावून फोडावा लागतो तो काळा पाषाण, नांदेडला गोदावरीच्या पात्रात उघडा पडलेला खडक, हा सगळा बेसाल्ट. तो शिलारसापासून बनतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यांतून शिलारस वर आला, पसरला, थिजला. पुन्हा आला, पुन्हा थिजला. अशा थरांवर थर साचून आपले दख्खनचे पठार झाले. आजही ते सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरले आहे. भूशास्त्रज्ञ त्याला 'दख्खन ट्रॅप' म्हणतात. 'ट्रॅप' हा शब्द जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. आपल्या डोंगरांच्या उतारावर पायऱ्या पायऱ्या दिसतात, त्या याच थरांच्या.

चंद्रावरही नेमके असेच घडले. फरक एवढा की तिथे शिलारसाला साचायला आयती खोलगट जागा मिळाली. अब्जावधी वर्षांपूर्वी प्रचंड अशनी आदळून चंद्रावर शेकडो किलोमीटर रुंदीची खोरी तयार झाली होती. पुढे चंद्राच्या पोटात किरणोत्सर्गी द्रव्यांच्या उष्णतेने खडक वितळला, भेगांतून वर आला आणि या खोऱ्यांत भरला. इथे एक चूक पुष्कळजण करतात, ती तुम्ही करू नका. अशनीच्या धक्क्याने दगड वितळला आणि त्याचाच समुद्र झाला, असे नाही. खोरे आधीचे, समुद्र नंतरचा. कोट्यवधी वर्षांचे अंतर दोहोंत आहे. तळे आज खणले आणि ते पुढच्या पिढीत भरले, असा तो प्रकार.

शिलारस पातळ की घट्ट, यावरही बरेच अवलंबून असते. ताटात घट्ट पिठले वाढले तर त्याचा ढीग होतो. पातळ आमटी वाढली तर ती ताटभर पसरते आणि तिचा पृष्ठभाग सपाट राहतो. चंद्रावरचा शिलारस आमटीसारखा होता. म्हणून तिथे शंकूसारखे उंच ज्वालामुखी न होता सपाट मैदाने झाली. सरींच्या समुद्राचा व्यास सुमारे ११०० किलोमीटर आहे. आपला सबंध महाराष्ट्र त्यात सहज मावेल.

आणखी एक गंमत. हे समुद्र चंद्राच्या दोन्ही अंगांना सारखे नाहीत. आपल्याला दिसणाऱ्या बाजूचा सुमारे ३० टक्के भाग त्यांनी व्यापला आहे, पलीकडच्या बाजूचा जेमतेम २ टक्के. पलीकडची बाजू प्रथम १९५९ साली रशियाच्या लूना ३ या यानाने दाखवली, तेव्हा सगळेच चकित झाले. त्या बाजूचे कवच अधिक जाड आहे, त्यामुळे शिलारसाला वर येणे कठीण गेले, हे त्याचे एक कारण दिले जाते. मात्र पूर्ण उलगडा अजून झालेला नाही. तुमच्यापैकी कोणीतरी करावा.

देगलूरचा दगड आणि किल्लारीची बोअर

लातूरहून नांदेडमार्गे देगलूरला जाणाऱ्या एस. टी. च्या खिडकीशी कधी बसलात तर बाहेर लक्ष ठेवा. नांदेडपर्यंत काळ्या दगडाचे राज्य. पुढे देगलूर-बिलोलीच्या बाजूला जमिनीचा रंग पालटतो. गोलसर, फिकट, गुलाबीसर झाक असलेल्या शिळा दिसू लागतात. हा ग्रॅनाइट. तुम्ही दख्खनच्या शिलारसाच्या किनाऱ्यावर येऊन पोचलात! इथपर्यंत तो आला आणि थांबला. किंवा पुढे गेलेला पातळ थर झिजून गेला आणि खालचा जुना खडक उघडा पडला.

म्हणजे नांदेड-लातूरचा बेसाल्टही कशावर तरी पसरलेला आहे. किती जाड असेल तो? याचे अचूक उत्तर एका फार दुःखद घटनेनंतर मिळाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारीला भूकंप झाला. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली होती. जवळजवळ पूर्ण झालेला चंद्र पश्चिमेला कलला होता. लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील सुमारे दहा हजार माणसे गेली. जाड दगडी भिंती आणि वर मातीचे धाब्याचे छत अशी ती घरे होती. याच काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या.

ही जमीन स्थिर, इथे भूकंप व्हायचाच नाही, असे तोपर्यंत पुष्कळजण समजत. त्यामुळे खाली नेमके काय आहे हे पाहणे भाग पडले. शास्त्रज्ञांनी किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल बोअर घेतली आणि आतला खडक दंडगोलाच्या रूपात बाहेर काढला. वरचे ३३८ मीटर बेसाल्ट. त्याखाली केवळ ८ मीटर गाळाचा थर. शिलारस येण्यापूर्वीची ती जमीन. आणि त्याखाली अब्जावधी वर्षे जुना पायाचा खडक. पश्चिम घाटाच्या बाजूला या शिलारसाची जाडी दीड-दोन किलोमीटरच्या घरात जाते; पूर्वेकडे येता येता ती कमी होत होत देगलूरकडे संपते.

चंद्रावर अशी खोल बोअर अजून कोणी घेतलेली नाही. मग तिथल्या समुद्राची खोली कशी मोजायची? एक युक्ती पाहा. काही जुनी विवरे शिलारसात बुडाली आहेत आणि त्यांची फक्त कड वर डोकावते आहे, पुरात बुडालेल्या विहिरीच्या कठड्यासारखी. एवढ्या व्यासाच्या विवराची कड मुळात किती उंच असते हे ठाऊक असते. त्यातून वर दिसणारी उंची वजा केली की शिलारसाची जाडी निघते. शिवाय १९७२ मध्ये अपोलो १७ ने वरून रेडिओलहरी सोडून निरभ्रतेच्या व संकटांच्या समुद्रांच्या पोटातले थर टिपले. आणि १९७१ मध्ये अपोलो १५ चे अंतराळवीर एका खोल घळीच्या काठावर उभे राहिले, तेव्हा समोरच्या कड्यावर त्यांना थर उघडेच दिसले. आपल्याकडे खोल विहिरीत डोकावले की वर माती, मग मुरूम, मग मऊ मांजऱ्या खडक, मग कठीण पाषाण असे पट्टे दिसतात. अनुभव तोच.

चंद्रावरचा उजळ भाग म्हणजे देगलूरचा ग्रॅनाइट का? नाही. फिकट जुन्या खडकावर काळा नवा खडक पसरला, हे नाते तेवढे सारखे. चंद्राचा उजळ खडक निराळा आहे, त्याला अ‍ॅनॉर्थोसाइट म्हणतात. चंद्र जन्मला तेव्हा त्याचा वरचा भाग वितळलेला होता. त्यातले हलके फेल्डस्पारचे स्फटिक तरंगत वर आले, दुधावर साय यावी तसे. ती साय म्हणजे चंद्राचा उजळ भाग. २३ ऑगस्ट २०२३ रोजी आपले चांद्रयान ३ दक्षिण ध्रुवाकडच्या अशाच उजळ भागात उतरले. प्रज्ञान गाडीने तिथल्या मातीची तपासणी केली, तेव्हा ती याच सायीच्या जातीची निघाली.

कोंबड्यांची पावले

कोणता भाग जुना, कोणता नवा, हे नुसते पाहून कसे ठरवायचे? अंगण सारवल्यावर ते ओले असताना कोंबड्या त्यावरून जातात आणि पावलांचे ठसे उमटतात. एका अंगणात ठशांवर ठसे आहेत, दुसऱ्यात दोनचारच. कोणते अंगण नंतर सारवले? उघड आहे, दुसरे. चंद्राच्या उजळ भागात विवरांवर विवरे आहेत. काळ्या समुद्रांत ती तुरळक आहेत. म्हणजे समुद्र नंतरचे सारवण.

पण 'नंतरचे' म्हणजे किती? याचे उत्तर दगडच देऊ शकतो. अपोलो ११ ने आणलेल्या बेसाल्टचे वय ३६० ते ३९० कोटी वर्षे निघाले. आपला किल्लारीचा बेसाल्ट त्यापुढे अगदी तान्हा. चीनच्या चांगअ ५ या यानाने २०२० च्या डिसेंबरात वादळांच्या महासागरातून दगड आणले, त्यांचे वय भरले सुमारे २०० कोटी वर्षे. लहानसा चंद्र इतका वेळ आतून गरम कसा राहिला, हा शास्त्रज्ञांपुढे नवाच पेच आला आहे.

वय सोडले तर दोन्ही दगड सारखे का? पुष्कळसे सारखे. तीच फेल्डस्पार आणि पायरॉक्झीन ही खनिजे. चंद्राच्या बेसाल्टमध्ये लोह जास्त, काही ठिकाणी टिटॅनियमही खूप. तिथल्या एका नव्या खनिजाला आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स या तिघांच्या नावांची सुरुवातीची अक्षरे जोडून आर्माल्कोलाइट हे नाव दिले. पण खरा फरक पाण्याचा आहे. आपला बेसाल्ट पाण्याने सतत बदलत आला आहे. कांद्याच्या पापुद्र्यांसारखी त्याची सालपटे सुटतात, त्यांचा मुरूम होतो, मुरमाची काळी माती होते आणि त्या मातीत तुमची तूर-ज्वारी उगवते. शिलारसातल्या वायूच्या बुडबुड्यांनी पडलेल्या पोकळ्यांत पाण्याबरोबर आलेली पांढरी, हिरवी खनिजे भरतात. चंद्राच्या बेसाल्टमध्येही बुडबुड्यांच्या पोकळ्या आहेत, पण त्या रिकाम्या. अब्जावधी वर्षांचा तो दगड काल फोडल्यासारखा ताजा दिसतो, त्याला आपल्या दगडासारखा गंज चढत नाही. तिथल्या मातीलाही खरे तर माती म्हणू नये. उल्कांच्या माऱ्याने कुटून झालेला तो नुसता भुगा आहे. त्यात गांडूळ नाही, मूळ नाही, ओल नाही. सुपीकतेच्या समुद्रातून १९७० साली रशियाच्या लूना १६ यानाने १०१ ग्रॅम माती आणली, तीही तशीच.

(चंद्रावर पाण्याचा अंश आहे हे चांद्रयान १ च्या निरीक्षणांनी २००९ साली जगाला सांगितले, हे खरे. तो मातीच्या कणांना चिकटलेला आहे, आणि ध्रुवांजवळच्या कायम सावलीतल्या विवरांत बर्फही आहे. पण या काळ्या समुद्रांशी त्याचा संबंध नाही.)

पृथ्वीवरही बेसाल्ट पाणी देताना हात आखडताच घेतो. अखंड पाषाणात पाण्याला शिरायला वाटच नसते. ते वरच्या मुरमात, फटींत आणि दोन थरांच्या सांध्यांत साठते. तेवढी कोठी रिकामी झाली की बोअर कितीही खोल न्या, बहुधा कोरडा भुकटाच वर येतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले आणि लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, तिच्या १० वाघिणींत ५ लाख लिटर पाणी होते. त्या वर्षी पाण्याच्या रांगेत घागर घेऊन उभा राहिलेला मुलगा आज कॉलेजात असेल. सरींच्या समुद्रात पावसाचा थेंब नाही, हे त्याला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

तिथीप्रमाणे समुद्र पाहा

आता प्रत्यक्ष पाहण्याकडे वळू. डोळे पुरेत. द्विनेत्री दुर्बीण मिळाली तर उत्तमच. वहीत चंद्राएवढे वर्तुळ काढून रोज दिसेल ते रेखाटा.

शुक्ल चतुर्थीला संध्याकाळी पश्चिमेला कोर दिसते. तिच्या उजळ कडेशी एक लहानसा, लंबगोल, वेगळा पडलेला डाग आहे, तो संकटांचा समुद्र. सप्तमीपर्यंत सुपीकता, मकरंद, शांतता आणि निरभ्रता हे चारही उजेडात येतात. दशमीच्या सुमारास दुर्बिणीतून इंद्रधनुष्याचा उपसागर पाहायला विसरू नका. त्याच्या कडेच्या डोंगरांवर सूर्य उगवत असतो आणि तळ अजून अंधारात असतो. अर्धी बांगडी लखलखावी तशी ती कड दिसते. एकादशीला सरींचा समुद्र पुरता उजळतो, त्रयोदशीपर्यंत वादळांचा महासागरही.

पौर्णिमेला आजीचा ससा शोधा. मकरंद आणि सुपीकता हे त्याचे कान, शांतता हे डोके. निरभ्रतेपासून सरी व वादळांपर्यंत पसरलेले ते त्याचे अंग. चंद्र उगवताना ससा कान वर करून उभा असतो, मावळताना उलटा होतो. ससा हलला की आपण हललो, हे वर्गात चर्चेला घ्या. शिक्षकांना एक सूचना: नकाशा फार जुन्या पुस्तकातला असेल तर त्यावरील पूर्व-पश्चिम आजच्या उलट असण्याचा संभव आहे. १९६१ साली ही पद्धत बदलली.

दुर्बीण असेल तर निरभ्रतेच्या समुद्राच्या कडा आणि मध्य ताडून पाहा, काळेपणात फरक दिसेल. वेगवेगळ्या वेळी आलेल्या शिलारसाचे ते किनारे आहेत. आणि नांदेडकरांना सुटीत जमले तर लोणारला जाऊन या. सरळ रेषेत ते वायव्येला सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. आपल्याच काळ्या दगडात अशनी आदळून झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर आहे. बेसाल्टमधली अशी विवरे पृथ्वीवर फारच थोडी आहेत. चंद्राच्या समुद्रांत मात्र ती सगळीकडे आहेत, म्हणून चंद्राचे अभ्यासक १९७० नंतर लोणारचे दगड तपासू लागले.

राहता राहिली कृष्ण चतुर्थी. त्या रात्री तुमच्या घरी कोणी संकष्टीचा उपवास केला असेल तर चंद्रोदयाची वाट पाहत सगळे गच्चीवर असतीलच. चंद्र वर आला की त्याच्या वरच्या कडेकडे पाहा. पौर्णिमेला तिथे संकटांचा समुद्र स्पष्ट दिसत होता. आता त्या बाजूने अंधार चढू लागलेला असतो, आणि संकष्टीच्या चंद्रोदयापर्यंत तो समुद्र बहुतेक सगळा, कधी पुरताच, त्या अंधारात बुडालेला असतो. रिचोलीला संकष्टी ठाऊक असण्याचे कारण नाही. हा निव्वळ योगायोग. पण आईला नैवेद्य दाखवून झाल्यावर हे जरूर सांगा.